व्याज परत करणाऱ्या बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डोरोथी डे यांच्यावरचा लेख वाचला. त्यांना ‘अमेरिकेच्या मदर तेरेसा’ ठरवलंत आणि तिथेच गाडी भलत्या रुळावर गेली. बाई मुळात वार्ताहर. १९१७ साली, विशीत, स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून तुरुंगात गेल्या. कॅथलिक झाल्या त्या पुढे दहा वर्षांनी. मंदीच्या ऐन काळात, १ मे १९३३ला, फ्रान्सहून आलेले कॅथलिक विचारवंत पीटर मॉरिन यांना सोबत घेऊन त्यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र काढलं. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमधल्या कामगारांच्या गर्दीत २,५०० प्रती, किंमत एक सेंट. १९८०मध्ये बाई गेल्या तेव्हाही किंमत तीच! अन्नछत्रं, निवारे हे सगळं त्या अंकामागून आलं. लेखात सूपच्या रांगेला तीन परिच्छेद आणि त्यांच्या पत्राला दीड ओळ. एका वर्तमानपत्रानेच असं करावं?

माझी नोकरी बँकेतली, बरीचशी बचत खात्याच्या काउंटरवर गेली. त्यामुळे त्यांची एक हकीकत डोक्यातून जात नाही. भुयारी रेल्वेसाठी न्यूयॉर्क शहराने त्यांचं क्रिस्टी स्ट्रीटवरचं घर घेतलं. मोबदला ६८,७०० डॉलर, आणि वर ३,५७९ डॉलर ३९ सेंट व्याज. १९६०मध्ये बाईंनी मुद्दल ठेवून घेतलं आणि व्याज शहराच्या तिजोरीत परत धाडलं, कारण पैशाने पैसा वाढवणं त्यांना मंजूर नव्हतं. मला ते वरचे ३९ सेंट फार आवडतात. त्यांच्याच पत्राचे एकोणचाळीस अंक झाले की हो ते!

तत्त्व मला पटत नाही, हेही सांगतो. आमच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यांतले एक काका दर महिन्याला पासबुक घेऊन यायचे. शिल्लक बदललेली नसायची, तरी छापून मागायचे आणि चष्मा वर करून शेवटची ओळ बोटाने दोनदा वाचायचे. त्यांना ‘व्याज घेऊ नका’ म्हणायची माझी तरी छाती झाली नसती. डे बाई म्हणाल्या असत्या का, कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धातही युद्ध नकोच म्हणून त्या अडून बसल्या आणि पत्राचा खप धडाधड उतरला, तरी ऐकलं नाही. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणखी एक. लेखासोबत हात जोडलेलं रेखाचित्र छापलंत. १९७३चा एक फोटो आहे: कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचा संप, डोक्यावर रुंद हॅट घातलेल्या पंचाहत्तरीच्या बाई घडीच्या स्टुलावर बसलेल्या आणि दोन्ही बाजूंना कमरेला पिस्तूल लावलेले पोलीस. पुढच्या वेळी तो छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
रामबाग, इंदूर