आडभिंतीच्या अलीकडून

इंदूर, २८ डिसेंबर

प्रिय शैल,

आठ महिने झाले, तुला ना पत्र ना फोन. दादाच्या नि माझ्या घरामध्ये भिंत बांधली त्या दिवशी अंगणात उभी राहून तू म्हणालीस, "तुमच्यात क्षमा एवढी मोठी, मग ही विटांची गाडी कशाला आली?" ते फार झोंबलं गं मला. परकी असून माझ्या धर्मावर बोलतेस, असं वाटलं. परकी म्हणे! नाताळच्या करंज्या नाताळ यायच्या आत डब्यातून संपवणारी तू! चुकले मी.

माझं बरं आहे. शुगर तशीच, गुडघाही तसाच.

पंचवीसला सकाळी व्हाइट चर्चला गेले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायच्या आधी, एकमेकांना शांती देतात ना, तू लहानपणी त्याच त्याच माणसाशी चारचारदा हात मिळवायचीस, ते. मी मागे वळले तर नेमका दादा. हात पुढे केलेला. करंगळी आईसारखीच आत वळलेली. आणि मी काय केलं, तर शेजारच्या बाईंचा हात धरला आणि पुढे तोंड केलं. तशीच प्रभुभोजन घ्यायलाही गेले.

तेव्हापासून झोप नाही. आठ महिन्यांत कुणाचा आवाज चढला नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आता घरात शांतता आहे. शांतता होती गं, शांती नव्हती. येशू जन्मला त्या रात्री देवदूत मेंढपाळांपुढे 'पृथ्वीवर शांती' असं गायले, त्याआधी शुभवर्तमानात लूक ऑगस्त कैसराचं नाव घेतो, शिरगणतीचा हुकूम काढणाऱ्याचं. शांतता तर त्याच्याही राज्यात होती. इ.स.पू. ९ मध्ये रोममध्ये शांतीच्या नावाने वेदीसुद्धा अर्पण झाली होती. पण ती टिकायची सैन्याच्या धाकावर. आमची टिकली विटांवर. आणि ज्याला शांतीचा अधिपती म्हणायचं, त्या बाळाच्या वाट्याला काय आलं? हेरोद राजाने बेथलेहेमातली लेकरं मारली, मरीया-योसेफ त्याला घेऊन मिसरात पळाले. तरी देवदूतांचं गाणं खोटं पडलं नाही. आपण बोलावलं नसताना देव स्वतः आला, तुटलेलं जोडायला. मला तरी नाताळची शांती हीच वाटते. आजीच्या मराठी पवित्र शास्त्रात इफिसकरांस पत्र काढलं. यहुदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, यांच्यामधली आडभिंत ख्रिस्ताने पाडली, असं पौल लिहितो. आडभिंत! मान वर केली तर खिडकीत तीच, अजून प्लास्टरही न केलेली.

पाळकसाहेब म्हणाले, इब्री भाषेत शांतीला शालोम म्हणतात, आणि देणं फेडण्याचा शब्दही त्याच धातूतला आहे. मी काय देणं लागते, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आईची बाजाची पेटी. "दादाला दे" म्हणाली तेव्हा तिच्या उशाशी तू होतीस. तापात बोलतेय, म्हणून मी उडवून लावलं. वाटण्यांच्या वेळी तू एका शब्दाने बोलली असतीस, तर मी उघडी पडले असते. बोलली नाहीस.

काल पेटी माळ्यावरून उतरवून घेतली. भाता उघडला तर डांबरगोळ्यांचा भपकारा. काळी दोन दाबली की वर येत नाही. झाकणाच्या कडेला आईच्या अंगठीने पडलेला चरा आहे, त्यावरून बोट फिरवत बसले. मग मनात आलं, आधी दुरुस्त करून घेऊ, मग देऊ. लगेच कळलं, हीसुद्धा पळवाटच. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभूने सांगितलंय. त्यात पेटी सुरात लावून घे असं कुठे आहे?

नातीचं नाव काय ठेवलंत? तुझ्या ह्यांचं मोतीबिंदूचं झालं का? फोटो पाठव.

पेटी दारात आणून ठेवलीय. पूर्वी अंगणातून दादाचा उंबरा सहा पावलांवर होता, आता अख्ख्या गल्लीला वळसा. एकटीला उचलत नाही. त्यालाच भिंतीवरून हाक मारावी लागेल. आई काय म्हणाली होती, तेही सांगणार आहे. दिवे लागले आहेत, वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेय, म्हणजे तो घरी असेल. आता उठते. पत्र बंद करत नाही. तो काय म्हणाला ते मागच्या पानावर लिहीन.

तुझी,
मीनू