उणे ८० अंशांचा एक फ्रीजर: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मराठवाड्यात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी २२ वर्षे गेली. ऊसतोडणीला जाणाऱ्या मातांच्या पोटी कमी वजनाने जन्मलेली मुले चाळिशीत काडीसारखे हातपाय आणि सुटलेले पोट घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेली मी पाहिली आहेत, आणि ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढाच सल्ला ऐकून परत गेलेलीही. अशा रुग्णांच्या भुकेमागची रसायने इथेच नीट मोजता यावीत, यासाठी हे पत्र.

भूक मात्र केवळ तोंडाच्या ताब्यात नसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, ती चाळवतात, अल्फा-एमएसएच हे पेप्टाइड ती शमवते, आणि शरीरातील ऊर्जेचा साठा पुरेसा असल्याचा निरोप या साऱ्यांना चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक पोहोचवते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कितीतरी पटींनी अधिक आढळले, पण मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते त्या मानाने थोडेच वाढलेले होते; म्हणजे निरोप निघतो, पण मेंदूच्या वेशीवरच अडतो. नुसते रक्त तपासून हे कळले नसते. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तर काढता येत नाही. मात्र हर्नियासारख्या शस्त्रक्रियेसाठी पाठीत भूल देताना, नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती असल्यास, त्या द्रवाचे काही थेंब मिळू शकतात.

खरी अडचण त्यानंतरची आहे. यातील अनेक पेप्टाइडे विकरांमुळे (एन्झाइममुळे) झपाट्याने विघटित होतात. म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो, विकररोधक घालून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, वेगाने फिरवावा लागतो आणि उणे ८० अंशांवर साठवावा लागतो. आमच्याकडे एका दिवाळीत वीज गेली, जनरेटरच्या डिझेलचे देयक मंजुरीत अडकले होते आणि आठ महिन्यांचे नमुने वितळले. यंत्र आकडा तरीही देतेच, पण तो पेप्टाइडाचा नसून आपल्या हलगर्जीपणाचा असतो.

भारतीयांसाठी लठ्ठपणाची सीमा शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) २५ ला धरतात, युरोपीयांसाठी ३० ला. मग पेप्टाइडांचे संदर्भ-आकडे तरी त्यांचे का वापरावेत? म्हणून अंबाजोगाई, लातूर व नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांत नमुने गोळा व्हावेत, छत्रपती संभाजीनगरला मोजणीची एकच सामायिक प्रयोगशाळा असावी आणि तिथे कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमावा, एवढे मागतो. नवी इमारत नको. फ्रीजरच्या स्वतंत्र वीजपुरवठ्याचा आणि डिझेलचा खर्च मात्र वेगळ्या लेखाशीर्षाखाली, यंत्रखरेदीच्या आदेशातच मंजूर करावा.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एक निवृत्त प्राध्यापक