आधी मैदान मोजा, मग विक्रम छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं क्रीडा पान उघडलं आणि चहा तसाच राहिला. वॉर्डातल्या क्रीडा महोत्सवात आपल्या नागपूरचा एक तरुण १०० मीटर १०.१४ सेकंदांत पळाला म्हणे. चार कॉलमी मथळा, ‘अनिमेष कुजूरलाही टाकले मागे’. म्हणजे १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्यालाही! पोट्ट्याचं अभिनंदन, त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. तो जीव तोडून पळालाच असेल. पण फोटो नीट बघा. मागे संयोजक उभे आहेत आणि त्यांच्या हातात मोबाईल आहे. तेच घड्याळ! दुसरं एखादं घड्याळ कुठं दिसतं का म्हणून मी भिंग लावून पाहिलं. हारतुरे दिसले, घड्याळ काही दिसलं नाही.

कुजूर जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये १०.१८ पळाला, तेव्हा वेळ यंत्रानं घेतली होती आणि वाराही मोजला होता. पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरच्या वर गेला की वेळ कितीही चांगली असो, विक्रम धरत नाहीत. आपल्याकडे वैशाखात संध्याकाळी वावटळ सुटली की मंडपसुद्धा पळतो, त्याचीही वेळ घ्या एकदा.

आणि हातानं घेतलेल्या वेळेत शतांश कुठून आले? घड्याळात १०.१४ दिसले तर नोंद १०.२ ची होते, पुढच्या दशांशावर. शिवाय टाइमकीपर तीन लागतात आणि तिघांच्या वेळा वेगळ्या आल्या तर मधली धरतात. टाइमकीपरनं बटण दाबायचं ते पिस्तुलाचा धूर बघून, आवाज ऐकून नाही, कारण १०० मीटर यायला आवाजालाच जवळपास ०.३ सेकंद लागतात. तेवढ्यात विक्रम होतोही आणि मोडतोही. तुमच्याच बातमीत लिहिलंय की शर्यत शिट्टीवर सुटली. आता शिट्टीला धूर कुठून आणायचा, ते वार्ताहर भाऊंनी सांगावं.

एवढं काऊन खुपतं म्हणाल, तर ऐका. १९७९ साली मी दहावीत होतो. शाळेच्या क्रीडादिनी १०० मीटर ११.२ मध्ये मारले. शाळेचा विक्रम! कार्यालयाबाहेरच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव, वर्ष आणि वेळ लागली. महाल भागातल्या आमच्या गल्लीत मला ‘हावडा मेल’ म्हणू लागले. आई पाहुण्यांना मुद्दाम शाळेवरून फिरवून घरी आणायची.

पुढच्या वर्षी मैदानाला भिंत घालायचं काम निघालं. मी गंमत म्हणून बघायला गेलो होतो. ठेकेदाराच्या माणसानं स्टीलचा टेप लावून सगळं मोजलं. सुरुवातीच्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत अंतर भरलं ९४ मीटर. आमचे पीटीचे सर सुतळीच्या दोरानं मैदान आखायचे, मग फक्की मारायचे. तो दोर वर्षभर गळक्या टिनाखाली पडलेला असायचा, आणि सुतळी भिजली की आखडते. दोरावर खूण १०० ची, दोर ९४ चा. म्हणजे उरलेले ६ मीटर मी कधी पळालोच नव्हतो. ते पळालो असतो तर वेळ ११.९ च्या आसपास गेली असती. हा हिशेब मी त्याच रात्री वहीत मांडला आणि वही गादीखाली ठेवली.

भिंत झाल्यावर ट्रॅक टेपनं नवा आखला गेला, पण फळ्यावरची वेळ तीच राहिली. माझ्यानंतर दोन वर्षांनी काटोलकडचं एक पोट्टं आलं, वसतिगृहात राहायचं आणि अनवाणी पळायचं. पूर्ण १०० मीटर ११.५ मध्ये पळायचं, म्हणजे माझ्याहून चांगलं तीन-साडेतीन मीटर पुढं. पण फळ्यावर ११.२! सर त्याला म्हणायचे, ‘अबे, तो हावडा मेल होता, तू पॅसेंजर आहेस.’ दोन हंगाम त्यानं त्या फळ्याशी टक्कर घेतली, मग पळणंच सोडलं.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो होतो, नाही असं नाही. ‘जाऊ दे रे, शाळेचं नाव आहे,’ असं म्हणून त्यांनी घंटा वाजवायला सांगितली. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. फळा १९९८ पर्यंत होता. परवाच्या दिवाळीत तो पोट्टा, म्हणजे आता नातवंडं असलेला गृहस्थ, सीताबर्डीवर भेटला आणि सगळ्यांदेखत ओरडला, ‘काय मेल, कसं काय!’ मी हसलो. वहीतला हिशेब त्याला अजूनही सांगितलेला नाही.

मोठ्या ठिकाणीही हे घडतंच. १९८८ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला त्यांचीच फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर महिलांचे १०० मीटर १०.४९ मध्ये पळाली, जागतिक विक्रम. वारा मोजायच्या यंत्रानं शून्य दाखवलं, आणि त्याच वेळी शेजारी तिहेरी उडीच्या यंत्रावर जोराचा वारा होता. तिचा बिचारीचा काय दोष, ती पळाली. पण आकडा पुस्तकात बसला तो बसलाच. जमैकाची एलेन थॉम्पसन-हेरा २०२१ मध्ये १०.५४ पळाली, तरी दुसरीच.

तुमचं पान कोण वाचतं, याचा तरी विचार करा. पहाटे साडेचारला रिंग रोडनं पोलीस भरतीचे पोट्टे पळत असतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, त्यावर त्यांचं नशीब. १०० मीटरला साडेअकरा सेकंदांत पूर्ण गुण. काल तुमची बातमी वाचून त्यातल्या किती जणांना वाटलं असेल, आपण अगदीच पॅसेंजर!

माझ्याकडे ३० मीटरचा स्टीलचा टेप आहे. येत्या रविवारी सकाळी सहाला मी त्या मैदानावर जाऊन अंतर मोजणार आहे. तुमच्या वार्ताहराला पाठवावं, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो.

आपला,
एक जुना धावपटू, महाल, नागपूर

ता. क. : त्याच पानावर तळाला आट्यापाट्याची दोन ओळींची बातमी होती, त्यात ‘खो-खोसारखा एक खेळ’ असं छापलंय. नागपुरात बसून? त्या मैदानातल्या पट्ट्यांपैकी सूरपाटी कोणती आणि लोणपाटी कोणती, हे तुमच्या कार्यालयात एकालाही ठाऊक नसेल तर टेप घेऊन येतोच आहे, तेही आखून दाखवतो.