मारलेल्या उंदरांचा आकडा छापता, जिवंत उंदरांचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, बातमी येते आणि तिच्यातच कुठेतरी मुंबई महापालिकेने किती उंदीर मारले तो आकडा असतो. यंदाही आला. रात्री काठी आणि टॉर्च घेऊन गटारांच्या कडेने फिरणाऱ्या मूषक संहारकांबद्दल मला मनापासून आदर आहे, ते काम कोणीतरी करतं म्हणून आपण झोपतो. पण त्या आकड्यात घुशी किती, काळे घरउंदीर किती, आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कला किंवा आरेला लागून असलेल्या वस्तीत जंगलातले रानउंदीरसुद्धा त्यात धरले गेले का, हे बातमीत नसतं. बातमीपुरते सगळे एकच, उंदीर. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते त्यामुळे असेल पण मला हे दर वर्षी खटकतं, म्हणून यंदा सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल, जमलं तर पूर्ण छापा.

जिवंत रानउंदीर नीट मोजले, अभ्यासले तर काय हाती लागतं ते एका उदाहरणाने सांगते. उत्तर अमेरिकेत डिअर माऊस नावाचा एक रानउंदीर आहे. आपल्याकडे नाही, भारतात कुठेच नाही. वरून तपकिरी, पोट पांढरं, टपोरे काळे डोळे, शेपटीसुद्धा वरून गडद खालून पांढरी, आणि वजन साधारण २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर. दिसायला आपल्या घरातल्या छोट्या उंदरासारखाच, पण नात्याने बराच लांबचा, तो हॅम्स्टरच्या कुळातला. एवढ्याशा जीवावर तिकडच्या लोकांनी शंभरेक वर्षं इतकं काम केलंय की आज कदाचित तो जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या रानटी सस्तन प्राण्यांपैकी एक असेल.

आधी त्याच्या शरीराचंच बघा, मला स्वतःला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. हा उंदीर समुद्रकाठच्या सपाटीपासून कोलोरॅडोच्या ४,३०० मीटर उंच शिखरांपर्यंत राहतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अंदाज घ्या. एवढ्या उंचीवर हवेतला ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो, थंडी तर विचारू नका, आणि प्राणी जितका छोटा तितकी त्याची उष्णता पटकन निघून जाते कारण वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं. म्हणजे याला अंग गरम ठेवायला सतत चरबी जाळायला लागते, जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि नेमका ऑक्सिजनच कमी. दोन्हीकडून कोंडी. उंचावरच्या डिअर माऊसचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे, ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे विरळ हवेतही फुफ्फुसात रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळतो. शिवाय पायाच्या स्नायूंत केशवाहिन्या जास्त, आणि कुडकुडताना चरबी जाळायची क्षमता सखल भागातल्या भाऊबंदांपेक्षा जास्त. सखल भागातला उंदीर वर नेऊन ठेवला तर त्याचं रक्त दाट होतं, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, उंचावर गेल्यावर माणसांना जो त्रास होतो त्याच जातीचा. पिढ्यान् पिढ्या वर राहिलेल्यांमध्ये हे फारसं होत नाही. म्हणजे नुसतं रक्त दाट करणं हा उपाय नाही हे या उंदराने दाखवून दिलं, हे मी मुलांना दर वर्षी सांगते.

हिवाळ्यात तो अस्वलासारखा महिनोन् महिने झोपत नाही. बिया साठवून ठेवतो, बिळात किंवा झाडाच्या ढोलीत चार-पाच जण अंगाला अंग लावून बसतात, आणि खायला फारच कमी पडलं तर दिवसा काही तास शरीराचं तापमान ३७ अंशांवरून २० अंशांच्या आसपास खाली आणतो, रात्री परत अंग तापवून बाहेर पडतो. रोजच्या रोज. हे त्याला जमतं ते खांद्यांच्या मध्ये असलेल्या तपकिरी चरबीमुळे, तिचं कामच मुळात उष्णता तयार करणं.

आणि आयुष्य? मादी साधारण २३ दिवस गाभण राहते, एका वेळी चार-पाच पिल्लं, जन्मताना गुलाबी, आंधळी, दीड-दोन ग्रॅमची. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन-चार आठवड्यांत दूध सुटतं, दोनेक महिन्यांची झाली की स्वतः विणीला तयार. व्यायल्यानंतर लगेच मादीचा पुन्हा नराशी संबंध होऊ शकतो, एकीकडे दूध पाजणं आणि पोटात पुढची पिल्लं, आणि एकाच वेळच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असणं हेही सर्रास. एवढी घाई का, तर घुबड, साप, कोल्हा, थंडी यांतून बहुतेक जण वर्ष पुरं करतच नाहीत. याचाच जवळचा नातेवाईक, पांढऱ्या पायांचा उंदीर, सुरक्षित ठेवला तर आठ वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे, लॅबमधल्या नेहमीच्या पांढऱ्या उंदराच्या दुप्पट, म्हणून म्हातारपणावर संशोधन करणारेही याच्या मागे आहेत. कॅलिफोर्नियातल्या आणखी एका भावंडजातीत नर-मादी जन्माची जोडी करतात आणि बाप पिल्लांवर बसून ऊब देतो. दिवस लहान झाला की डिअर माऊसची वीण थांबते, नरांच्या वृषणांचा आकारसुद्धा कमी होतो. पण एकाच वस्तीतल्या सगळ्यांची नाही थांबत, काही जण दिवसाच्या लांबीकडे लक्षच देत नाहीत आणि हा गुण पिल्लांतही उतरतो, त्यामुळे एखादा हिवाळा सौम्य निघाला तर त्यांचं फावतं.

आता मुद्द्यावर येते. १९९३ च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो, युटा ही चार राज्यं जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं अचानक दम लागून मरायला लागली. काही आठवड्यांत कळलं की हा नवा हंताव्हायरस आहे आणि तो डिअर माऊसमध्ये राहतो, उंदीर दिसायला ठणठणीत, पण त्याच्या सुकलेल्या मुता-लेंड्यांची धूळ श्वासातून गेली की माणसाच्या फुफ्फुसात पाणी भरतं. दर तिघांत एकाहून जास्त रुग्ण दगावतात. त्याच वर्षी का झालं, याचं उत्तर मिळालं कारण न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिएटा नावाच्या अभयारण्यात काही लोक आधीपासून, कोणताही आजार नसताना, दर वर्षी रानउंदीर पकडून मोजत होते. एल निनोमुळे १९९२ पासून पाऊस भरपूर झाला, गवत, बिया, किडे वाढले, आणि काही ठिकाणी उंदीर एका वर्षात दहापट झाले. त्या भागातल्या नवाहो समाजाची जुनी जाणती माणसं तर हे आधीपासूनच सांगत होती, की पाऊसपाणी चांगलं झालं, डोंगरातल्या पिन्यॉनला, म्हणजे चिलगोज्यासारख्या झाडाला, फळ आलं की उंदीर वाढतात आणि आजार येतो, उंदीर घरात येऊ देऊ नका. आणि तिथल्या म्युझियममध्ये आधी पकडलेल्या उंदरांचे गोठवून ठेवलेले नमुने होते, ते तपासल्यावर हा व्हायरस १९९३ च्या आधीपासून तिथे होता हे सिद्ध झालं. ज्यांनी ते नमुने जपले त्यांना कोणी तेव्हा विचारलं असेल की हे कशाला, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच असणार की हा प्राणी इथे राहतो म्हणून.

मुंबईला हे परकं वाटायचं कारण नाही. १८९६ ला प्लेग याच शहरात आला, उंदीर मरून पडायला लागले की लोक घर सोडून पळायचे, १८९७ ला हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस इथेच बनवली. जगात सगळ्यात आधी वेगळा काढलेला हंताव्हायरस १९६४ ला आपल्याच देशात, वेल्लोरला सापडला, आणि तो उंदरात नव्हे तर चिचुंद्रीत, जी मुंबईतल्या प्रत्येक चाळीत तळमजल्यावर भिंतीच्या कडेने पळताना दिसते आणि जिला सगळे उंदीरच समजतात. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, १९११ साली देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली तेव्हा छोटे प्राणी गोळा करायला सुरुवात खानदेशातून झाली होती. म्हणजे परंपरा आपल्याकडे होती हो, आणि चांगली होती.

आज नॅशनल पार्कातले बिबटे कॅमेरा लावून मोजले जातात, एकेकाला नंबर आहे, आपल्या पेपरात त्यांचे फोटो येतात, छान वाटतं, मीही कापून ठेवते. त्याच १०४ चौरस किलोमीटरमध्ये झाडांवर चढणारा लांब शेपटीचा उंदीर, झुडपात राहणारा, शेतात बिळं करणारा इवलासा उंदीर असे कितीतरी आहेत, घुबडं आणि साप त्यांच्यावरच जगतात. सिंहगडावर दर रविवारी पिठलं-भाकरी खायला एवढी गर्दी जाते, पण त्याच पठारावरचा कोंडाणा उंदीर १९७५ साली विज्ञानाला नवा म्हणून कळला आणि आज धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे, हे त्यातल्या किती जणांना माहितीये? त्याच्या विणीबद्दल, आयुष्याबद्दल डिअर माऊसच्या शंभराव्या भागाएवढं तरी कोणी लिहिलंय का?

मोजणं फार खर्चिकही नाही. ॲल्युमिनियमच्या घडीच्या पेट्या मिळतात, संध्याकाळी आत ओट्स आणि पीनट बटर, थंडीसाठी थोडा कापूस, पहाटे जाऊन बघायचं, वजन, नर-मादी, गाभण आहे का ते लिहायचं, कानाला बारीक बिल्ला लावून तिथेच सोडायचं. समजा आज ४० वर खुणा केल्या आणि काही दिवसांनी पकडलेल्या ४० त १० खुणेचे निघाले तर तिथे अंदाजे १६० आहेत. हातमोजे, मास्क, वनखात्याची परवानगी आणि शिकवलेला माणूस हे मात्र हवंच, उत्साहाच्या भरात कोणी घरच्या पिंजऱ्याने करायला जाऊ नये. पण कॉलेजच्या झूऑलॉजी विभागांना, बीएनएचएस आणि वनखात्याच्या देखरेखीखाली, आरे, येऊर, तुळशी अशा चार-पाच जागी दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर हे सहज करता येईल, फक्त ते दहा-वीस वर्षं न थांबता चालायला हवं, एक वर्ष करून सोडलं तर काही उपयोग नाही.

माळे साफ करणाऱ्यांसाठी एक जाता जाता. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने झाडू नका, आधी खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, ब्लीचच्या पाण्याने भिजवा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने उचला. अमेरिकेत १९९३ नंतर हेच शिकवतात आणि ते आपल्याकडच्या उंदरांनाही लागू आहे.

आपल्याकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पुढच्या वेळी महापालिका आकडा देईल तेव्हा तुमच्या बातमीदाराने त्यांना विचारावं की कोणत्या वॉर्डात कोणत्या जातीचे किती, आणि त्यातल्या कितींची लेप्टोसाठी तपासणी झाली. आणि रविवारच्या पुरवणीत बिबट्यांच्या जोडीला या छोट्या प्राण्यांसाठी महिन्यातून एकदा अर्धं पान द्या, लिहिणारे आम्ही शिक्षक आणि आमची मुलं आहोत, मानधन नको.

आपली,
एक जुनी वाचक
मुलुंड पूर्व, मुंबई