ब्रोमोला जाताय? आधी इशाऱ्याची पातळी पाहा

संपादक महोदय,

बालीच्या सहलीला जोडून जावा बेटावरचा ब्रोमो ज्वालामुखी दाखवणारी पत्रके आता बेळगाव, निपाणीकडेही फिरू लागली आहेत. त्यांत ‘सूर्योदय आणि थेट विवराच्या कडेवर’ एवढेच छापलेले असते. कडेवर जाता येईल की नाही, हे मात्र सहल कंपनीच्या हातात नसते.

इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याच्या पातळ्या चार, चढत्या क्रमाने: नॉर्मल (नेहमीची), वास्पादा (सावध), सियागा (सज्ज), आवास (धोका). ब्रोमो (२,३२९ मीटर) वास्पादावर असला की विवरापासून १ किलोमीटरच्या आत जाऊ नये, अशी सूचना असते. भीती लाव्हाची नसते. आत मुरलेले पाणी तापून वाफ कोंडते आणि शिट्टी न होता कुकरचे झाकणच उडावे तसा स्फोट होतो. सावध व्हायला वेळ मिळेलच असे नाही. आपल्या जांभ्याखालचा काळा पाषाणही लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली!

दुसरा त्रास गंधकाच्या वायूचा. तो हवेहून जड, त्यामुळे खोलगट जागी साचतो. वारा फिरला की विवराच्या कडेकडे जाणाऱ्या जिन्याच्या सुमारे अडीचशे पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्याच्याच छातीत आधी जातो. एन-९५ मास्क राख अडवतो, वायू नाही. दमेकऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी खालच्या वाळूच्या मैदानातूनच दर्शन घ्यावे. इथल्या तेंग्गेर जमातीच्या हिंदूंचे पोतेन मंदिरही तिथेच आहे. खोकला किंवा डोळ्यांची आग सुरू झाली तर फोटोसाठी थांबू नये, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हावे.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. तो काचेचा आणि दगडाचा चुरा. चष्मा किंवा कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसली की ओरखडे पडलेच. आधी फुंकून झटकावी. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावावा आणि डोळे चोळू नयेत.

बेळगावात, म्हणजे गरिबांच्या महाबळेश्वरात राहतो म्हणून थंडीला कमी लेखू नये. सूर्योदय पाहायच्या पेनांजाकानच्या कड्यावर पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, जुलै-ऑगस्टमध्ये वाळूवर दवसुद्धा गोठते. कानटोपी, हातमोजे हवेतच. जावाचे घड्याळ बालीच्या एक तास मागे असते. परतीचे विमान बालीहून असेल तर तो तास हमखास नडतो.

शेजारच्या सेमेरू ज्वालामुखीवर डिसेंबर २०२१ मध्ये तप्त राखेचा लोंढा उतरून पन्नासहून अधिक माणसे गेली. तेव्हा पावसाचे दिवस होते. एप्रिल ते ऑक्टोबर त्या मानाने बरा. धूळ मात्र तेव्हाच जास्त. तेंग्गेर हिंदूंच्या कसादा उत्सवाच्या सुमारास ब्रोमोचे राष्ट्रीय उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते, तेही पाहून घ्यावे.

पैसे भरण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: जीप कुठवर जाणार, उद्यानाचे ऑनलाइन तिकीट कोण काढणार आणि पातळी वाढून वाट बंद झाली तर किती रक्कम परत मिळणार.

— एक भूगोल शिक्षक, शहापूर, बेळगाव