मॅमोग्राफीच्या खोलीतल्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. डिचोलीहून आलेली, प्रश्नांनी भंडावून सोडणारी निवृत्त मास्तरीण, एवढ्यावरून ओळखालच.

साधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आधी दुसरीकडे झाली होती. माझी स्तनांतली ऊती दाट, त्यामुळे चित्रात सगळं पांढरं. आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी सांगितली. त्यात आयोडीनचं इंजेक्शन असतं हे कळल्यावर घरात गोंधळ उडाला. मला सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली की अंगभर गांधी उठतात. (गोव्यात राहून सुंगटं वर्ज्य, हे दुःख वेगळंच!) जाऊबाईंचा हिशेब सरळ होता: सुंगटांत आयोडीन, तेव्हा इंजेक्शनही बाधणार. मी यायचंच टाळणार होते.

तुम्ही हसला नाहीत. ती अ‍ॅलर्जी सुंगटांतल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे, असं सांगितलंत आणि माझ्या समाधानासाठी डॉक्टरांकडूनही वदवून घेतलंत. पूर्वी असं इंजेक्शन घेऊन त्रास झाला होता का, दमा आहे का, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती, हे मात्र खोदून खोदून विचारलंत.

औषध शिरेतून गेलं तशी अंगात ऊन लहर आली, तोंडाला धातूची चव. मग दोनेक मिनिटं थांबायचं. आधी स्तन यंत्रात दाबून ठेवून मग औषध सोडलं तर वेळ नाही का वाचणार, हा माझा शहाणपणा. ‘दाबल्यावर रक्त आत नीट जाणार कसं?’ तुम्ही म्हणालात. किती साधं!

मग एकाच दाबात पाठोपाठ दोन एक्स-रे, एक कमी ऊर्जेचा, एक जास्त. एक्स-रेची ऊर्जा 33.2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की आयोडीन ते एकदम जास्त शोषू लागतं. स्तनाच्या ऊतीत अशी उडी नसते. म्हणून संगणक दोन्ही चित्रांची वजाबाकी करतो तेव्हा दाट ऊती पुसली जाते आणि आयोडीन जिथे साचलंय तेवढं उरतं. कर्करोगाच्या गाठीत नव्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या फुटतात, तिथे ते साचतं. कमी ऊर्जेचं चित्र नेहमीच्या मॅमोग्राफीसारखं वेगळं वाचता येतं. वर्गात मी वर्षानुवर्षं एक्स-रे शिकवले, पण त्यांचा असा उपयोग तुमच्याकडून कळला. किरणांची मात्रा साध्या तपासणीपेक्षा थोडी जास्त असते, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

पडद्यावर एक ठिपका उजळला होता. मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहिले. ‘साध्या गाठीही उजळतात. रिपोर्ट डॉक्टर देतील, गरज पडली तर बायोप्सी.’ खोटा धीर दिला नाहीत, घाबरवलंही नाहीत. तेवढ्यावर मी रात्री झोपू शकले.

बायोप्सीत तो कर्करोगच निघाला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या लसीकाग्रंथी स्वच्छ आहेत, रेडिएशन सुरू व्हायचंय.

सावंतवाडीची धाकटी बहीण आता तपासणीला तयार झाली आहे. तिला मधुमेह आहे. गोळ्यांची यादी आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत देते. प्रश्न ती माझ्यापेक्षा जास्त विचारते, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची आभारी,
डिचोलीची मास्तरीण