अलिबागच्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम शालोम.

गेल्या पावसाळ्यात हिब्रू बायबलच्या मराठी अनुवादाचे कागद घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा मी पानोपानी ‘यहोवा’ लिहिलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. प्रार्थनेचं जुनं पुस्तक काढलंत, त्याला ओठ लावलेत आणि देवाच्या नावाच्या चार हिब्रू अक्षरांखाली बोट ठेवलंत. योद, हे, वाव, हे. “लिहिलंय हे, पण वाचायचं अदोनाय. माझा प्रभू. माझ्या सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसं समज.”

मग खुणांचं सांगितलंत. मूळ हिब्रूत नुसती व्यंजनं. काना-मात्रेसारख्या खुणा शास्त्र्यांनी पुष्कळ नंतर घातल्या. या चार अक्षरांना त्यांनी ‘अदोनाय’च्या खुणा दिल्या, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. हे ठाऊक नसलेल्यांनी दोन्ही जोडून वाचलं आणि ‘यहोवा’ तयार झालं. मी तोच मूळ उच्चार धरून चालले होते.

‘एलोहीम’ने, म्हणजे ‘देव’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाने, तर मला वेडच लावलं. शब्दाचं रूप अनेकवचनी, पण ‘बरा’, म्हणजे निर्माण केलं, हे क्रियापद एकवचनी. आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो तेव्हा क्रियापदही आदराने अनेकवचनात जातं. इथे तसं नाही. आणि मराठीत ‘देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली’ म्हटलं, की क्रियापद देवाकडे बघतच नाही! हे दाखवायला मला अजून वाट सापडलेली नाही.

पण बायबलच्या निर्गम या पुस्तकातलं 3:14 हे वचन, जिथे देव मोशेला आपलं नाव सांगतो, ते सुटलं तुमच्यामुळे. ‘एह्ये अशेर एह्ये’चं ‘मी आहे तो आहे’ मला कोरडं वाटत होतं. तुम्ही बोट दोनच वचनं मागे नेलंत. भ्यालेल्या मोशेला देव म्हणतो, ‘मी तुझ्याबरोबर असेन’, आणि तिथेही शब्द ‘एह्ये’च. नाव सांगण्याआधी सोबतीचा शब्द दिलाय! मी आता ‘मी असेन तो असेन’ लिहिलं आहे. ‘यहोवा’ काढून सगळीकडे ‘परमेश्वर’ केलं आहे.

वहीत ती चार अक्षरं काढून द्या म्हटलं, तर तुम्ही नावाऐवजी खूण म्हणून फक्त दोन योद काढलेत. नाव लिहिलेला कागद टाकता येत नाही, जीर्ण पुस्तकंसुद्धा पुरावी लागतात, म्हणालात. ते पान मी जपून ठेवलंय. शब्बाथ, तुमचा शनिवारचा विश्रामदिवस, झाला की रविवारी नवी पानं घेऊन येते.

तुमची ऋणी,
अनुवादवाली